पात्याखालचा उजेड

मागच्या हिवाळ्यात काही आठवडे बाबांचा चाकू माझ्या पर्समध्ये होता, आणि तेवढे दिवस मला एका जागी धड बसवलं नाही. वर्गावर जाताना, ऑटोत, भाजीच्या गाडीपाशी, हात आपोआप पर्समध्ये जायचा. मी चाकू उघडायची, मिटायची. पातं खोबणीत बसताना खट् असा बारीक आवाज होतो. शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईंनी एकदा हळूच विचारलं, की मुख्याध्यापकांशी काही बिनसलं आहे का. मी हसले आणि चाकू आत टाकला. थोड्या वेळानं तो पुन्हा हातात होता.

मी अकोल्यात होते, पण जीव अडकला होता चांदूर बाजारजवळच्या आमच्या गावात. तिथं विहिरीवरचं आमचं संत्र्याचं झाड मरायला टेकलं होतं. त्याच्या उरलेल्या हिरव्या फांद्यांवरचे डोळे या चाकूनं काढून मी अंगणातल्या रोपांवर बांधले होते. ते जगले तर झाड पुढं राहणार होतं. नाही जगले तर संपलं. जगले की नाही हे पट्टी सोडल्याशिवाय कळत नाही, आणि पट्टी वेळेआधी सोडली तर जगणारेही मरतात. करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. म्हणून उघडायचा, मिटायचा.

ज्यांनी संत्र्याचा बगीचा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. संत्रं बी पेरून करत नाहीत. आधी जंभेरीचं रोप वाढवतात. जंभेरी म्हणजे एक रानटी, आंबटढाण लिंबू, मुळांनी चिवट. रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्यात त्याच्या सालीला एक आडवी आणि एक उभी चीर देतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून एक डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला अजून न फुटलेला कोंब, सालीच्या पातळ कापट्यासकट काढतात आणि त्या चिरेत सरकवून वरून प्लॅस्टिकची पट्टी बांधतात. आमच्याकडे याला डोळा भरणं म्हणतात. खाली जंभेरी, वर संत्रा. बाबांनी आयुष्यभर हेच केलं. स्वतःचा बगीचा लहानच, पण हिवाळा आला की आजूबाजूच्या रोपवाटिकांतून त्यांना बोलावणं यायचं.

चाकू अगदी साधा आहे. खिशात मावणारा, मिटणारा. शिसवी मूठ, घामानं काळी पडलेली, पितळी खिळे. पातं बोटाएवढं. त्याची धार बुडापासून शेवटापर्यंत पट्टीसारखी सरळ; पाठीचा भागच पुढं उतरत येऊन धारेला मिळतो, त्यामुळे टोक असं फारसं नाही. एका बाजूनं धार दिलेली, दुसरी बाजू साफ सपाट. मुठीच्या मागच्या अंगाला पितळेची एक बोथट जीभ, साल उचलायला. दिसायला काही नाही. बहिरमच्या जत्रेत मी लहानपणी एका दुकानापुढं अडून बसले होते, तिथं लाल मुठीचे, बाकदार पात्याचे, टोक वर उचललेले चाकू मांडले होते. बाबांनी त्यातला एक हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत ठेवला.

“हा तं भांडाले निघाल्यावानी दिसते,” ते म्हणाले. “आपल्याले काम करा लागते, बाई.”

तेव्हा मला ते पटलं नव्हतं. आता त्या चाकूवर माझा जीव का आहे हे मी स्वतःला बऱ्याचदा विचारते. बाकदार पातं एका वेळी एकाच जागी टेकतं आणि ओढत नेलं की कापत जातं. मांस, फळ, भाजी, सगळ्याला ते चांगलंच. सरळ पातं सगळंच्या सगळं एकदम टेकतं. त्यानं लाकूड कापलं की कापलेली जागा सपाट येते, आणि दोन सपाट जागा एकमेकींवर ठेवल्या की मधे काही राहत नाही. डोळा जगतो तो त्या ‘काही न राहण्या’मुळे. मधे केसाएवढी फट राहिली तरी तिच्यात पाणी शिरतं, नाहीतर हवा, आणि डोळा वाळतो.

बाबा धारेच्या दगडावर चाकू घासून झाला की दाढीचा आरसा आडवा ठेवायचे, त्यावर पातं धारेवर उभं करायचे आणि मला समोर बसवायचे. मागून सूर्य. पात्याच्या आणि काचेच्या मधून उजेड दिसतो का, ते मी सांगायचं. माझे डोळे नवे होते, म्हणून हे काम माझं.

“दिसते का उजेड?”

“थोडासा. शेवटाकडं.”

मग पुन्हा दगड. पुन्हा आरसा. उजेड दिसेनासा होईपर्यंत. मला वाटतं मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या कामाची परीक्षा घेतली ती ही, आणि ज्याची घेतली त्यानं कधी वाद घातला नाही.

त्याच चाकूनं बाबा माझ्या पेन्सिली करून द्यायचे. वर्गातल्या बाकीच्यांकडे शार्पनर होते, त्यांच्या पेन्सिली गोल गुळगुळीत. माझी पेन्सिल लांब, सपाट कापांची, आणि टोक निमुळतं. मुली म्हणायच्या, हिच्या बापानं पेन्सिलीचं कलम केलं. पण माझं टोक लवकर मोडायचं नाही. दहावीच्या, बारावीच्या प्रत्येक पेपरला आकृत्यांसाठी कंपासमध्ये त्यांनी केलेल्या पेन्सिली असायच्या. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. अमरावतीला हॉस्टेलवर गेले तेव्हा बाबांनी पेन्सिलींचा एक जुडा करून सुतळीनं बांधून दिला होता. मी मराठी घेऊन बी. ए. करणार होते, पेन्सिल कुठं लागणार होती? पण मी त्यांना ते सांगितलं नाही, आणि तो जुडा अजून माझ्याकडे आहे.

आमच्या घरात चाकूचा एक नियम होता. तो हातातून हातात द्यायचा नाही. देणाऱ्यानं खाली ठेवायचा, घेणाऱ्यानं उचलायचा. हातात दिला तर देणाऱ्या-घेणाऱ्यात भांडण होतं, असं आजीपासून चालत आलेलं. बाबांनी मला डोळा भरायला शिकवलं तेव्हाही असंच. ते एक रोप करायचे, चाकू मातीत ठेवायचे. मी उचलायची, एक रोप करायची, मातीत ठेवायची. बोलणं फारसं नाही.

विहिरीवरचं झाड माझ्यापेक्षा वयानं मोठं होतं. बाबांच्या मते आमच्या शिवारातल्या अर्ध्या बगीच्यांचे डोळे त्याच्या फांद्यांवरून गेलेले. साल ढिली, बिया कमी, आणि गोडी अशी की व्यापारी बाकीचा माल पाहायच्या आधी त्याच्याखाली जाऊन उभा राहायचा. दोन पावसाळ्यांपासून त्याच्या बुंध्यातून डिंक गळत होता. बाबांनी साल खरवडली, मोरचूद-चुन्याची पेस्ट लावली, बुडाशी पाणी साचू नये म्हणून चर खोदला. तरी एका बाजूच्या फांद्या वाळत गेल्या. पाहायला येणारा प्रत्येक जण सांगून जायचा, की तोडा, नाहीतर रोग बाजूच्या झाडांना जाईल. बाबा मान हलवायचे. त्यांनी अंगणात जंभेरीची रोपं पिशव्यांमध्ये लावून ठेवली होती. येत्या हिवाळ्यात या झाडाचे डोळे त्यांच्यावर भरायचे, मग तोडायचं, असं त्यांचं ठरलेलं.

ठरलं होतं, पण त्यांचा हात थरथरायला लागला होता. उजवा. अमरावतीच्या डॉक्टरांनी नसांचा आजार सांगून गोळ्या सुरू केल्या. बाबा विचारणाऱ्याला थंडीनं होतं म्हणून सांगायचे, आणि तेव्हा थंडी पडलीही नव्हती.

दिवाळीच्या आधी आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं आवाज खाली आणला.

“तुये बाबा रोज सकाळी रोपांपाशी चाकू घेऊन बसते, ना तसेच उठते. म्या इचारलं, काहून? तं म्हनते, धार नाई रायली.”

धार होती. आईलाही ते माहीत होतं आणि मलाही. फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात नुसती इकडून तिकडे फिरत राहिले.

दिवाळीला आम्ही दोघं गावी गेलो. माझ्या नवऱ्याचं अकोल्यात झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. माणूस उत्साही, कुणाची अडचण कानावर पडली की ती आपलीच समजणारा. बाबा त्याच्याजवळही धारेबद्दलच बोलले. परतताना त्यानं कुणाला न सांगता चाकू खिशात घातला. अकोल्याला आल्यावर मला म्हणाला, की मामाजींना, म्हणजे बाबांना, चकित करायचं आहे, तू मधे बोलू नको. दोन-चार दिवसांनी तो दुकानातून आला तो हसतच. चाकू वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. त्यानं कागदाची एक पट्टी हवेत धरली आणि सप्पकन कापून दाखवली.

“पाय, कशी चकाचक करून आनली. मशीनवर.”

सायकलीवर चाक बसवून धार लावणारे असतात, त्यांच्यातल्या एकाकडून त्यानं ती करून घेतली होती. पातं चमकत होतं, अगदी नव्यासारखं. मी ते हातात घेतलं आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर धारेवर उभं केलं. ते पाळण्यासारखं हललं. मधे टेकलेलं, आणि दोन्ही शेवटांखालून खिडकीचा उजेड सरळ आरपार.

पात्याला पोट आलं होतं. सपाट बाजूही चाकावर धरली गेली होती, तिचं सपाटपण गेलं होतं. धारवाल्याला काय बोलणार? त्याच्याकडे येतात ते चाकू कांदे-बटाटे चिरणारे, पोटाचेच. त्यानं आपल्या परीनं हाही चांगला करून दिला होता.

“धार तं लागली ना?” नवऱ्यानं विचारलं.

“लागली.”

“मंग?”

मी त्याला ओट्यावर वाकायला लावलं आणि उजेड दाखवला. त्यानं पाहिलं, पातं हलवून पाहिलं. मग चाकू मिटून परत वर्तमानपत्रात गुंडाळला.  जेवताना एवढंच म्हणाला, की मामाजींना तो सांगेल, मी सांगायचं नाही.

पण सांगणं ही पुढची गोष्ट होती. आधी हंगाम होता. जंभेरीची साल सुटते ती ठरावीक दिवसांत. साल सुटते म्हणजे पात्यानं चीर दिली की ती लाकडापासून ओली, सहज उचलली जाते. ते दिवस गेले की साल चिकटून बसते आणि मग कितीही चांगला चाकू असो, डोळा आत जात नाही. तोवर विहिरीवरचं झाड राहील का, हेही कुणी सांगू शकत नव्हतं. आई फोनवर रोज त्याच्या एकेका फांदीची बातमी द्यायची, जणू ते दवाखान्यात ठेवलेलं माणूस आहे. आणि बाबा मागून विचारायचे, की चाकू कुठं आहे, कुणी पाहिला का. आई म्हणायची, सापडेल. नवा चाकू बाजारात मिळतो, मी आणलाही. तो तसाच पाकिटात राहिला. बाबांनी दुसऱ्या चाकूनं कधी डोळा भरलेला नव्हता, आणि जे करायचं ते त्यांच्या हातून व्हावं अशीच आमची सगळ्यांची इच्छा होती.

तेव्हा तो चाकू पुन्हा सरळ करायचा, एवढाच रस्ता होता. मी हार्डवेअरच्या दुकानातून धारेचा दगड आणला. तो स्वतःच सपाट नव्हता. गच्चीच्या सिमेंटवर वाळू आणि पाणी टाकून आधी दगड घासला, मग दगडावर पातं. शाळेच्या आधी, सकाळच्या उन्हात. पोट काढायचं म्हणजे मधलं पोलाद घासून शेवटांच्या पातळीला आणायचं, म्हणजे पातं अरुंद होणार. जास्त घासलं तर उरणार काय, आणि कमी घासलं तर पोट राहणार. हात दुखायचा. मन त्याहून जास्त पळायचं. मधेच उठून मी गच्चीच्या कठड्यापर्यंत जायची, उगीच रस्त्याकडे बघायची, परत यायची. शेजारच्या गच्चीवरून एक काकू रोज वाळवण घालताना बघायच्या. त्यांनी शेवटी विचारलंच, काय करून राहिली वो? मी म्हटलं, माहेरचा चाकू आहे. त्यांना ते उत्तर पुरेसं वाटलं असावं, त्या पुन्हा काही म्हणाल्या नाहीत.

एका सकाळी नवरा दुकान उशिरा उघडायचं ठरवून वर आला. हातात बाथरूममधला आरसा काढून आणलेला. मी त्याला बाबांच्या आरशाबद्दल कधी सांगितलं असेन, मला आठवत नाही. ऊन ढगांत गेलं होतं, म्हणून त्यानं पात्याच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरला आणि पोटावर आडवा पडून डोळा काचेच्या पातळीला आणला.

“दिसून रायला. मुठीकडून.”

मी घासलं.

“आता तिकडून बंद झाला. टोकाकडून आहे थोडा.”

असं कितीतरी दिवस चाललं. त्याच्या शर्टाला रोज गच्चीची धूळ. कधी तो आशेनं ‘नाही दिसत’ म्हणायचा आणि मी स्वतः वाकून बघितलं की केसाएवढी रेघ दिसायचीच. त्याला राग यायचा, माझ्यावर नाही, रेघेवर. एकदा त्यानं तोंड खुपसून पाहिलं, टॉर्च इकडे केला, तिकडे केला, आणि उठून बसला.

“आता तूच पाय. मले तं काईच दिसत नाई.”

मी पाहिलं. पात्याखाली अंधार होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्या क्षणी मला जितकं हलकं वाटलं तितकं पदवी घेतल्याच्या दिवशीही वाटलं नव्हतं. पातं मात्र बारीक झालं होतं, जवळजवळ अर्धं.

त्या शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही निघालो. अकोल्याहून अमरावती, तिथून चांदूर बाजारची बस. मी खिडकीपाशी बसले होते आणि रस्ताभर बगीचेच बघत होते. कुठल्या झाडाची पानं पिवळी, कुठल्याचा शेंडा वाळला. नवरा मनातल्या मनात काहीतरी घोकत होता, ओठ हलत होते.

घरी पोचल्यावर त्यानं पाणीसुद्धा प्यायलं नाही. बाबांसमोर चाकू ओट्यावर ठेवला आणि घोकलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. बाबांनी चाकू उचलला, उघडला. अंगठा आडवा फिरवला. सपाट बाजू गालाला लावून पाहिली.

“बारीक झाला,” ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “उजेड दिसते का?”

“नाई दिसत, बाबा.”

“मंग झालं.” आणि जरा थांबून नवऱ्याला, “जवाईबापू, घरात विळा आहे, पावशी आहे, वखराची पास आहे. तेवढ्याची धार सोडून द्या.”

आई पदर तोंडाला लावून आत गेली. नवरा लाल झाला, पण सुटलाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी विहिरीवरच्या झाडाच्या हिरव्या बाजूवरून कटरनं काड्या कापून आणल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळल्या. सगळे अंगणात बसलो. पट्ट्या बांधायचं काम आईचं. रोपवाटिकांमध्येही ते बायकांकडेच असतं आणि तिच्या गाठी कधी सैल होत नाहीत. बाबा पहिल्या रोपापाशी बसले. डाव्या हातानं रोप धरलं, उजव्या हातात चाकू. हात थरथरत होता. त्यांनी तो मांडीवर टेकवला, श्वास धरला, आडवी चीर दिली. ती बरी आली. उभी चीर देताना पातं सरकलं आणि तिरपी गेली. त्यांनी तरीही साल उचलली, काडीवरून डोळा काढला. कापटा एका बाजूला जाड आला होता. त्यांनी तो आत सरकवला आणि आईनं पट्टी बांधली.

आम्ही कुणीच हाताकडे बघत नव्हतो. नवरा विहिरीकडे बघत होता. मी फडक्याच्या चौकडीकडे.

दुसऱ्या रोपापाशी बाबा बसले, आणि बसूनच राहिले. चाकू पुढं गेला, मागं आला. मग त्यांनी तो आपल्या आणि माझ्या मधल्या मातीत ठेवला.

मी उचलला नाही. लहानपणी शेकडो वेळा त्या जागेवरून उचलला होता, तेव्हा तो पुन्हा त्यांच्याकडे जाणार हे ठरलेलं असायचं. आज उचलला तर काय होणार हे आम्हा दोघांनाही दिसत होतं. मला वाटलं, ते थोडा दम घेतील आणि परत हात घालतील. कुठंतरी होला घुमत होता. आईच्या हातात पट्टी तयार होती. ती काही माझ्याकडे बघत नव्हती, पण पट्टीचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“काडीची साल वाळून रायली, बाई,” बाबा म्हणाले.

 मी चाकू उचलला.

मग दुपारपर्यंत मान वर केली नाही. बाबा फडक्यातून काडी काढायचे, त्यावरचा कुठला डोळा घ्यायचा ते नखानं दाखवायचे आणि काडी माझ्याकडे करायचे. ती हवेत थरथरत यायची. मी ती धरली की शांत व्हायची. पातं सालीवर ठेवलं की सगळं एकदम टेकायचं, आणि ओढलं की आवाज न करता जायचं. गच्चीवरच्या सगळ्या सकाळी त्या एका ओढीत होत्या. मला भीती वाटत होती, आणि खोटं कशाला बोलू, आनंदही होत होता, आणि आनंद होतो आहे याची लाज वाटत होती. मधे एकदा बाबांनी माझा कापटा तळहातावर घेऊन उलटा करून बघितला आणि परत दिला. चांगला म्हणाले नाहीत, वाईटही म्हणाले नाहीत. नवरा पाणी आणत होता, रिकाम्या काड्या उचलत होता, आणि बाबा त्याला दर वेळी जुन्या कारभाऱ्यासारखं सांगत होते, की धार लावायला नेऊ नका.

निघताना मी चाकू पुसून ओट्यावर ठेवला, त्यांच्यासमोर. बाबांनी तो उचलला नाही. आमची पिशवी आईनं भरली. अकोल्याला येऊन बघते तर मेथीच्या जुडीखाली चाकू. कुणी ठेवला हे मी विचारलं नाही.

तेव्हापासून तो पर्समध्ये. मी रोज फोन करायची आणि रोज तेच विचारायची, आई रोज तेच सांगायची: पट्ट्या जशा बांधल्या तशा आहेत. विहिरीवरच्या झाडाची पानं गळत होती. एक रात्र फार थंडी पडली, आईनं रोपांवर जुनी लुगडी टाकली. बाबा काय म्हणतात, असं विचारलं तर म्हणायची, काही म्हणत नाहीत, रोपांच्या रांगेत फिरतात. मी वर्गात कविता शिकवत असायची आणि एखाद्या ओळीवर थांबून मला आठवायचं, की चौथ्या का पाचव्या रोपाला मी कापटा जरा लांब घेतला होता.

पट्ट्या सोडायच्या दिवशी आम्ही पहिल्या बसनं गेलो. बाबा अंघोळ करून, टोपी घालून अंगणात बसलेले. पट्टी डोळ्याच्या उलट्या बाजूनं कापायची असते, वरून खाली एकच रेघ. मी रांगेच्या दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली, कारण या टोकाला बाबांनी भरलेलं रोप होतं. पहिलीच पट्टी निघाली आणि आत डोळा हिरवा होता, जसा ठेवला होता तसा, कडेनं सालीशी एक झालेला. आईनं नुसतं “हं” केलं. पुढचाही हिरवा. मग एक तपकिरी, हात लावताच सुटून पडला. मग हिरवे. परत एक गेलेला. नवरा रांगेच्या मागून चालत होता आणि प्रत्येक हिरव्याला मान डोलावत होता, जसा काही हिशेब त्याच्याकडे दिला आहे. बहुतेक जगले होते. माझी पाठ ताठ झाली होती, ती कुठं सैल व्हायला लागली.

शेवटी बाबांचं रोप राहिलं. मी थांबले. बाबा उठून जवळ आले आणि स्वतःच खाली बसले. मी पट्टी कापली. आत डोळा काळा पडला होता, कापटा वाळून गोळा झालेला.  मी पट्टी परत त्यावर धरली, उगीच, झाकल्यासारखी.

बाबांनी माझा हात बाजूला केला. वाळलेला डोळा नखानं काढून टाकला, आणि खोडाची उलटी बाजू अंगठ्यानं दाबत वरपासून खालपर्यंत पाहिली. अंगठा थरथरत होता, पण खोड सोडत नव्हता.

“जंभेरी जित्ती आहे,” ते म्हणाले. “दुसऱ्या बाजूनं भर.”

“आता? साल सुटंल का?”

ते उठले होते. कटर त्यांच्या हातात होता आणि ते विहिरीकडे निघाले होते. झाडाच्या एका फांदीवर अजून हिरवं होतं. नवरा त्यांच्या मागे धावला, फडकं घेऊन. मी रोप उलटं फिरवलं, पातं सालीवर टेकवलं आणि आडवी चीर दिली. मग उभी. पितळी जीभ आत घातली आणि हळूच उचललं. साल ओली होती. सुटत होती.